डॉ. क्रोन यांनी आतड्यात एक रेघ ओढली. रेघ पुसली गेली, नाव मात्र राहिलं

तारीख होती ९ जून १९५६. अमेरिकेच्या राजधानीतल्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर एक ऑपरेशन सुरू झालं. टेबलावर पेशंट होते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर.

आधीच्या सप्टेंबरमध्ये त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. पुढच्या नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. आणि आता आतडं अडकलं होतं. सर्जन लिओनार्ड हीटन यांच्या टीमने सुजलेला भाग कापून काढला नाही. त्याला वळसा घालून आतड्याचा बायपास केला. आयझेनहॉवर वाचले आणि निवडणूकही जिंकले.

पण त्या आठवड्यात पेपरांमुळे अमेरिकेतल्या घराघरात एक शब्द पोहोचला. इलायटिस.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलियम म्हणतात. त्या भागाला सूज आली की तो इलायटिस. हा आजार जगापुढे नीट मांडणाऱ्या तिघांपैकी एक डॉक्टर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पेशंट तपासत होते. चारच दिवसांनी त्यांना ७२ वर्षं पूर्ण होणार होती. त्यांचं नाव बरिल बर्नार्ड क्रोन.

आज जगभर ज्याला क्रोन्स डिसीज म्हणतात, त्यातले क्रोन ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या अमेरिकन डॉक्टरची गोष्ट आपल्याला कशाला? तर त्याचं कारण आहे. तुमच्या ओळखीत कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल आणि त्यांच्या कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर एक दिवस इलायटिस असाही शब्द आला, तर घरात एकच प्रश्न उभा राहतो. आजार मोठ्या आतड्याचा होता ना, मग लहान आतडं कसं सुजलं?

हाच प्रश्न डॉ. क्रोन यांना आयुष्यभर पुरला.

वडिलांच्या पोटदुखीतून सुरुवात

क्रोन यांचा जन्म १३ जून १८८४ चा, न्यूयॉर्क शहरातला. ज्यू कुटुंब, घरात बारा भावंडं. वडिलांना पचनाचा जुना त्रास. सतत पोट बिघडलेलं आणि धड उपाय कुणाकडेच नाही. वडिलांचे हाल बघूनच मुलाने डॉक्टर व्हायचं ठरवलं.

१९०२ मध्ये सिटी कॉलेजमधून पदवी आणि १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरकी. त्यानंतर ते न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये लागले आणि तिथलेच झाले. पोटाचे विकार हा त्यांचा विषय ठरला.

तेव्हा पोटाच्या डॉक्टरकडे आजच्यासारखी साधनं नव्हती. दुर्बीण आत घालून लहान आतड्याचं टोक बघायची सोय नव्हती. पेशंटची हकीकत ऐकायची, हाताने पोट तपासायचं, बेरियम पाजून एक्स-रे काढायचा. फार झालं तर पोट उघडायचं. आतड्यात खरं काय चाललंय ते बहुतेक वेळा सर्जनलाच दिसायचं.

माउंट सायनायमध्ये असे एक नामांकित सर्जन होते, डॉ. ए. ए. बर्ग. त्यांच्याकडे एक विचित्र प्रकारचे पेशंट यायचे. बहुतेक तरुण. पोटात उजव्या बाजूला खाली दुखायचं, जुलाब, बारीक ताप, वजन उतरत जायचं. हाताला गोळा लागायचा.

पोट उघडलं की लहान आतड्याचं टोक जाड, कडक आणि आक्रसलेलं दिसायचं. आत व्रण. मधली वाट इतकी अरुंद की अन्न पुढे सरकायचं नाही.

अशा पेशंटवर तेव्हा तीन शिक्के बसायचे. अपेंडिक्स, कॅन्सर किंवा आतड्याचा टीबी. त्यात टीबीचा शिक्का सगळ्यात सोपा, कारण टीबीसुद्धा नेमक्या याच जागी बसतो. पण या पेशंटच्या आतड्यात शोधूनही टीबीचे जंतू सापडत नव्हते.

तीन डॉक्टर आणि १४ पेशंट

बर्ग यांनी कापून काढलेल्या आतड्यांचा अभ्यास त्याच हॉस्पिटलमधले दोन तरुण डॉक्टर करत होते. लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर. त्यांनी ढिगातून सारखे दिसणारे नमुने वेगळे काढले होते. क्रोन यांच्याकडेही अशाच आजाराचे पेशंट होते. बर्ग यांनी दोन्हीकडची माणसं एकत्र आणली.

मे १९३२. न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अधिवेशन भरलं होतं. क्रोन यांनी १४ पेशंटची माहिती मांडली. हा टीबी नाही, कॅन्सर नाही, हा वेगळाच आजार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाव दिलं होतं टर्मिनल इलायटिस. टर्मिनल म्हणजे इलियमचं शेवटचं टोक, एवढाच अर्थ. पण हा शब्द ऐकला की पेशंट शेवटच्या घटका मोजतोय असंच वाटणार. मेयो क्लिनिकच्या डॉ. बार्गन यांनी रीजनल हा शब्द सुचवला आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला असोसिएशनच्या जर्नलमध्ये लेख छापून आला तो रीजनल इलायटिस या नावाने.

लेखावर बर्ग यांचं नाव नव्हतं. आपण लेख लिहिलेला नाही, तर नाव नको, अशी त्यांची भूमिका होती. उरलेल्या तिघांची नावं आडनावाच्या क्रमाने लागली. इंग्रजी बाराखडीत क्रोन पहिले, मग गिन्झबर्ग, मग ओपनहायमर. लेखावर पहिलं नाव ज्याचं, त्याच्याच नावाने आजार ओळखला जाऊ लागला. बर्ग यांनी सही केली असती, तर आज कदाचित आपण बर्गचा आजार म्हणत असतो.

गिन्झबर्ग यांना या गोष्टीची खंत पुढे बरीच वर्षं होती. क्रोन यांनाही आपल्या नावाचं लेबल फारसं रुचत नव्हतं. ते रीजनल इलायटिस हेच नाव पसंत करायचे.

आणि खरं सांगायचं तर यांच्याही आधी एक जण होऊन गेला होता. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे सर्जन केनेडी डालझिल. त्यांनी १९१३ मध्येच असे पेशंट नोंदवले होते आणि गुरांना होणाऱ्या जोन्स डिसीज नावाच्या आतड्याच्या आजाराशी त्याची तुलनाही केली होती. पण पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्यांचं काम मागे पडलं.

रेघ कुठे ओढली?

आता थोडं आतड्याचं भूगोल समजून घेऊ.

लहान आतडं जिथे संपतं आणि मोठं आतडं जिथे सुरू होतं, तिथे एक झडप असते. बेंबीच्या उजवीकडे खाली, अपेंडिक्सच्या शेजारी. लहान आतड्यातला माल मोठ्या आतड्यात जाऊ द्यायचा, पण मागे येऊ द्यायचा नाही, हे तिचं काम.

१९३२ च्या लेखात या झडपेवर रेघ ओढलेली होती. हा आजार झडपेपाशी थांबतो, पलीकडे मोठ्या आतड्यात जात नाही, असं त्यात म्हटलं होतं. मोठ्या आतड्यात व्रण दिसले तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिस, हा आजार त्याआधीपासून माहीत होताच. झडपेच्या अलीकडे एक आजार, पलीकडे दुसरा. हिशोब सरळ होता.

पण शरीर पुस्तक वाचून आजारी पडत नाही.

दोनच वर्षांत, १९३४ मध्ये, माउंट सायनायच्याच डॉ. राल्फ कोल्प यांनी असा पेशंट नोंदवला ज्याचा आजार झडप ओलांडून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत गेला होता. १९३६ मध्ये खुद्द क्रोन यांनी डॉ. रोझेनाक यांच्यासोबत लेख लिहिला. विषय होता इलायटिस आणि कोलायटिस एकाच पेशंटमध्ये असणं. म्हणजे आपली रेघ पक्की नाही हे दाखवणारे पेशंट त्यांनी चार वर्षांत स्वतःच जगापुढे ठेवले.

तरी मोठ्या आतड्यातल्या सुजेला कोलायटिसच म्हणायची सवय काही सुटली नाही. ती सुटायला १९६० साल उजाडलं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन या दोघांनी कापून काढलेली मोठी आतडी तपासली आणि दाखवून दिलं की क्रोनचा आजार मोठ्या आतड्यातही होतो आणि तो अल्सरेटिव्ह कोलायटिसपेक्षा वेगळा ओळखता येतो.

तेव्हापासून जागेवरून आजार ठरवणं मागे पडलं. तो कसा वागतो हे बघणं सुरू झालं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस सहसा गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढत जातो. सूज आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहते. क्रोनचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. मधला भाग चांगला सोडून तुकड्यातुकड्यात दिसतो आणि आतड्याची पूर्ण भिंत पोखरतो. म्हणून त्यात आतडं अरुंद होणं, भगेंद्र होणं असे प्रकार जास्त.

मग कोलायटिसवाल्याचं लहान आतडं का सुजतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

काही पेशंटमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस चढत चढत पूर्ण मोठं आतडं व्यापतो. सूज झडपेपर्यंत पोहोचते. झडप सैल पडते, उघडीच राहते. मग लहान आतड्याच्या टोकाचे काही सेंटिमीटर लालसर दिसतात, हलकी सूज येते. याला डॉक्टर बॅकवॉश इलायटिस म्हणतात.

जुनी समजूत अशी की मोठ्या आतड्यातला माल सैल झडपेतून मागे येतो आणि लहान आतड्याला त्रास देतो. नाव त्यावरूनच पडलं. भरतीला खाडीचं पाणी उलटं शिरावं तसा प्रकार. प्रत्येक पेशंटमध्ये कारण एवढंच असतं असं मात्र नाही.

महत्त्वाचं काय, तर हा बॅकवॉश इलायटिस म्हणजे दुसरा आजार जडला असं नसतं. त्यासाठी सहसा वेगळं औषध लागत नाही. कोलायटिस आटोक्यात आला की तोही ओसरतो.

पण रिपोर्टवर इलायटिस दिसला की तो बॅकवॉशच असेल, असं धरून चालत नाही. डॉक्टर काय बघतात?

पहिली गोष्ट, मोठ्या आतड्याचा उजवा भाग सुजलेला आहे का. कोलायटिस फक्त डाव्या बाजूला आणि मधला भाग चांगला असेल, तर लहान आतड्याची सूज बॅकवॉशने समजावून सांगता येत नाही. दुसरी, सूज किती लांब आहे. काही सेंटिमीटर आणि सलग असेल तर एक अर्थ, लांबवर तुकड्यातुकड्यात खोल व्रण असतील किंवा आतडं अरुंद झालं असेल तर दुसरा. तिसरी, बायोप्सी काय सांगते.

आत दुर्बीण पोहोचत नाही तिथे एमआर एन्टरोग्राफी करतात. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सूज किती आहे त्याचा अंदाज देते. लिव्हरच्या रक्ततपासण्याही बघतात. कारण पित्तनलिका आक्रसत जाणारा पीएससी नावाचा आजार कोलायटिसच्या काही पेशंटना होतो आणि त्यांच्यात बॅकवॉश इलायटिस जास्त आढळतो.

अजून एक साधा प्रश्न असतो, तुम्ही दुखण्यावरच्या गोळ्या किती घेता? आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्यांनीही लहान आतड्यात व्रण होतात. सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी डॉक्टरांना सांगायची राहून जाते आणि निदान भलतीकडे जातं.

आपल्याकडचा चौथा संशयित

१९३२ मध्ये क्रोन आणि त्यांच्या सोबत्यांना जो टीबी बाजूला काढावा लागला, तो आपल्याकडे अजून गेलेला नाही. महाराष्ट्रातला पोटविकारतज्ज्ञ इलियमच्या टोकाला व्रण बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात क्रोन आणि टीबी दोन्ही येतात. दोघांची जागा एक, लक्षणं सारखी, बायोप्सीतही कधी कधी फरक कळत नाही.

आणि इथे चूक महागात पडते. टीबी असताना क्रोन समजून स्टेरॉइड दिलं, तर टीबी अंगभर पसरू शकतो. उलट क्रोन असताना टीबीची औषधं महिनोन् महिने चालली, तर तेवढा काळ आतडं आतून खराब होत राहतं. म्हणूनच डॉक्टर बायोप्सीचा तुकडा टीबीच्या तपासणीला पाठवतात, छातीचा फोटो काढायला सांगतात. जास्तीच्या तपासण्या कशाला, असं वाटतं. पण स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करण्याआधी त्या लागतात.

नावावरून औषध ठरतं, ऑपरेशनही ठरतं

नाव नीट ठरण्यावर एवढा जोर का, तेही बघू.

स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सल्फासालाझिन हे औषध आणलं. त्यांचा पहिला लेख १९४२ चा. हे औषध मोठ्या आतड्यातले जीवाणू फोडतात, तेव्हाच ते काम करू लागतं. म्हणजे ते मुख्यतः मोठ्या आतड्याचं औषध. त्याच घराण्यातलं मेसालाझिन आज कोलायटिसचं रोजचं औषध आहे. बॅकवॉश इलायटिसमध्ये कोलायटिसची हीच ट्रीटमेंट पुढे चालते. पण लहान आतड्याचा खरा क्रोन असेल तर एवढ्याने भागत नाही.

दुसरी गोष्ट ऑपरेशनची. अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला, तर पूर्ण मोठं आतडं काढतात आणि लहान आतड्याच्या टोकाची पिशवी करून ती खाली जोडतात. बॅकवॉशवाल्यांना हे ऑपरेशन चालतं. पण पेशंटला क्रोन असेल तर त्याच लहान आतड्यात आजार पुन्हा उद्भवू शकतो, पिशवी निकामी होऊ शकते. म्हणून क्रोनमध्ये सर्जन सहसा पिशवीच्या वाटेला जात नाहीत. एका शब्दाच्या फरकाने माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं ते असं.

हा धडा क्रोन यांच्याही वाट्याला आला होता. १९३२ मध्ये वाटलं होतं की सुजलेला भाग कापला की आजार संपला. पण पेशंट काही वर्षांनी परत येऊ लागले. जोडलेल्या ठिकाणीच नवीन व्रण. हा आजार कापून कायमचा जात नाही, त्याच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, हे हळूहळू कळत गेलं.

इलियमचा मोठा भाग कापला गेला तर अजून एक अडचण असते. बी-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषलं जातं ते याच टोकाला. त्यामुळे अशा पेशंटना बी-१२ तपासत राहावं लागतं आणि कमी पडलं तर इंजेक्शन घ्यावं लागतं.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

रिपोर्टवर इलायटिस दिसला तर डॉक्टरांना सरळ विचारा. हा बॅकवॉश आहे की क्रोन? टीबी तपासला का? मोठं आतडं किती दूरपर्यंत सुजलंय? जुने रिपोर्ट आणि बायोप्सीचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. निदान काही वर्षांनी बदलू शकतं आणि तेव्हा जुना कागदच कामाला येतो.

बरं वाटलं म्हणून औषध मनाने बंद करायचं नाही, स्टेरॉइड तर अजिबातच नाही. सिगारेट ओढत असाल तर सोडा, क्रोनमध्ये ती आजार भडकवते. आणि पोट फुगून सतत उलट्या, शौच आणि गॅस दोन्ही बंद, जास्त रक्त जाणं किंवा तापासोबत न थांबणारं दुखणं असेल, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

शेवटपर्यंत पेशंट

आयझेनहॉवर यांनी १९६१ पर्यंत देश चालवला. फेब्रुवारी १९६९ मध्ये आतडं अडकल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा ऑपरेशन झालं आणि मार्चमध्ये हृदयाच्या आजाराने ते गेले. क्रोन त्यांच्यापेक्षा वयाने सहा वर्षं मोठे, पण तेव्हाही त्यांची प्रॅक्टिस चालू होती. नव्वदीपर्यंत ते पेशंट बघत राहिले. फावल्या वेळात जलरंगात चित्रं काढायचे.

२९ जुलै १९८३ ला कनेटिकट राज्यात वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तोपर्यंत कोलोनोस्कोपी आली होती, त्यांची झडपेवरची रेघ कधीच पुसली गेली होती आणि त्यांना नकोसं असलेलं नाव जगातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात शिकवलं जात होतं.

क्रोन यांची रेघ चुकली, पण पेशंटमध्ये काहीतरी वेगळं दिसलं की ते लिहून ठेवायची सवय चुकली नाही. पुढच्या डॉक्टरांना रेघ दुरुस्त करता आली ती त्या कागदांमुळेच. तुमच्या घरातल्या पेशंटच्या रिपोर्टवर उद्या एखादा शब्द बदलला, तर आधीचे डॉक्टर चुकले असं लगेच समजू नका. हा आजार पहिल्या भेटीत स्वतःचं खरं नाव सांगत नाही. ते खुद्द डॉ. क्रोन यांनाही सांगितलं नव्हतं.